बंद पडलेल्या फिल्टरसाठी वर्गणी

दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या गावातला बंद पडलेला आरओ प्लँट (पाण्यातले क्षार काढणारं यंत्र) गावच्याच पोरापोरींच्या वर्गणीतून पुन्हा चालू झाला आणि चालू राहिला, ही गोष्ट नात्यागोत्यात आता बरीच फिरली आहे. अक्कलकोटकडून, मोहोळकडून, मंगळवेढ्यातल्या एका शिक्षकमित्राकडून फोन आले. सगळे विचारतात, "मॅडम, एवढे पैसे जमवलेत कसे?" पैसे फार नव्हते, हे मी आधी सांगते. मग सांगते की आम्ही ते कशासाठी मागितले, कारण सगळी मेख तिथेच आहे. फोनवर दर वेळी अर्धवट सांगून होतं, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय.

मी सोलापुरात कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. पाण्याचा दिवस असला की पाहुण्याकडे जाणं रद्द होतं, एवढं ते इथल्या अंगवळणी पडलंय. उन्हाळ्यात "उजनी मायनसमध्ये गेली" म्हटलं की शाळकरी पोरालाही कळतं. धरणाची एकूण साठवण ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा, पाणी त्यात उतरलं की धरण मायनस. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या घरात पोचली होती. जिल्ह्याची पावसाची सरासरीच साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे पाणी म्हटलं की आम्हा सोलापूरकरांना पहिला प्रश्न सुचतो तो "किती आहे?" हाच. "कसं आहे?" हा प्रश्न मागे राहतो, आणि गावाकडे तर तो कुणी विचारतच नाही.

आमचं गाव सीना आणि भीमेच्या मधल्या पट्ट्यात आहे. हत्तरसंग कुडलचा संगम तसा लांब नाही, पण नदीचं पाणी गावाला नाही. गाव बोअरवर जगतं. खाली काळा पाषाण, त्याच्या भेगांमध्ये आणि वरच्या मुरमात जेवढं पाणी साठेल तेवढं आपलं. ते पाणी सवळं, म्हणजे क्षाराचं, आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक. तुरीची डाळ त्यात शिजता शिजत नाही, चिमूटभर सोडा घालावा लागतो. साबणाला फेस येत नाही. घागरीच्या आत पांढरी खपली धरते. माझी आई तर पावसाळ्यात पन्हाळीखाली पातेलं लावायची, खास डाळीसाठी. एवढं सगळं माहीत असूनही "आपलं पाणी असंच" म्हणून आम्ही पिढ्यान् पिढ्या ते प्यालो.

माझ्या भाचीचं बाळंतपण माहेरी झालं तेव्हा माझ्या डोक्यात हा विषय खरा शिरला. बाळाला वरचं दूध चालू करावं लागलं होतं. वहिनी पावडर कालवायला बोअरचं पाणी उकळून घेत होत्या, अगदी वीस वीस मिनिटं, मायेने. मी ते पाणी बाटलीत भरून सोलापूरला आणलं.

बारावीच्या मुलांना पाण्याचा कठीणपणा काढायचा प्रयोग मी वर्षानुवर्षं शिकवत आलेय. ५० मिलिलिटर पाणी फ्लास्कमध्ये घ्यायचं, बफर घालायचं, एरिओक्रोम ब्लॅक टी नावाच्या रंगाचे दोन-तीन थेंब टाकायचे. पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं. मग वरून ब्युरेटमधून ईडीटीए थेंब थेंब सोडायचं, आणि सगळं कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधलं गेलं की एका थेंबात लाल रंग जाऊन स्वच्छ निळा येतो. आमच्या घरच्या नळाच्या पाण्याला ११ मिलिलिटर लागले. म्हणजे लिटरमागे २२० मिलिग्रॅम. गावच्या पाण्याला ११ झाले, १५ झाले, २० झाले, लाल तसंच. मुलं ओट्याभोवती जमली. ३० ला थोडी जांभळट छटा आली. ३६ ला निळं झालं. लिटरमागे ७२० मिलिग्रॅम. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला २०० ही स्वीकारार्ह मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या म्हटलंय. आमचं त्याच्याही वर.

हा प्रयोग मी मोबाइलवर चित्रित करवून घेतला होता, मुलांसाठी म्हणून. पुढे वर्गणी मागताना त्याचा फार उपयोग झाला.

कठीणपणाने डाळ शिजत नाही, गीझरची कॉइल जाते, मुतखड्याचं खापरही लोक त्याच्यावर फोडतात. मला काळजी होती ती नायट्रेटची, आणि ते मोजायची सोय आमच्या प्रयोगशाळेत नाही. म्हणून दुसरी बाटली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत दिली. अहवालात नायट्रेट लिटरमागे ७८ मिलिग्रॅम आलं. मर्यादा ४५ आहे, आणि इथे "दुसरा स्रोत नसेल तर" ही सवलतही मानकात नाही.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. ते येतं उकिरड्यातून, गोठ्यातून, बोअरला खेटून खणलेल्या संडासच्या शोषखड्ड्यातून, शेतात फेकलेल्या युरियातून. पावसाच्या पाण्याबरोबर मुरतं आणि भेगांतून बोअरपर्यंत पोचतं. मोठ्या माणसाला त्याने लगेच काही होत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात मात्र त्याचं नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप बदलून टाकतं आणि रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. बाळ निळं पडतं. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल (क्लोरीनची) पावडर टाकतो ती जंतूंसाठी असते, नायट्रेटला तिचा उपयोग नाही. आणि उकळल्याने तर पाणी वाफ होऊन जातं, नायट्रेट तेवढंच मागे राहतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. वहिनी वीस मिनिटं उकळत होत्या. त्या दिवशी फोनवर हे सांगताना माझा आवाज नीट राहिला नव्हता. बाळ ठणठणीत आहे. पण गावात दर वर्षी किती लेकी बाळंतपणाला येतात!

आता प्लँटबद्दल. गावात आरओ प्लँट होता. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने देणगीतून बसवून दिला होता. शेड, स्टीलची टाकी, ग्रॅनाइटची पाटी, उद्घाटनाचा मांडव, सगळं रीतसर झालं होतं. गावात त्याला फिल्टर म्हणतात. दोनेक वर्षं लोक फिल्टरचं पाणी प्याले. मग पाण्याची धार बारीक झाली, वीजबिल थकलं, चालवणारा पोरगा पुण्याला निघून गेला आणि शेडला कुलूप लागलं. शेडच्या सावलीत शेळ्या बसायला लागल्या. ज्यांना परवडतं ते शेजारच्या मोठ्या गावातून गाडीवर येणारे जार घेतात. ज्यांना परवडत नाही ते बोअरचं पितात.

देणाऱ्यांनी मनापासून दिलं होतं यात शंका नाही. पण मेंब्रेन (क्षार अडवणारा आतला पडदा) दोन-तीन वर्षांनी बदलावं लागतं, फिल्टरची काडतुसं त्याच्या कितीतरी आधी बदलावी लागतात, क्षार चिकटू नये म्हणून घालायचं औषध दर महिन्याला आणावं लागतं, चालवणाऱ्या माणसाला पगार द्यावा लागतो. या कशाचीच तरतूद कुणी केली नव्हती. जिल्ह्यात फिरताना मी असे कुलूपबंद फिल्टर बरेच पाहिलेत.

आमच्या गावच्या बाहेर पडलेल्या लोकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. हडपसर, पिंपरी, चाकण, मुंबई, हैदराबाद, एक जण मस्कतला, एक जण अमेरिकेत. एरवी तिथे जत्रेची वर्गणी, कुणाच्या वडिलांची तेरवी, शुभेच्छा असं चालतं. वर्गणी हा प्रकार आम्हाला नवा नाही. यात्रेची पालखी असो की देवळाचा कळस, गावाने कधी हात आखडता घेतलेला नाही. मी ग्रुपवर नायट्रेटचा अहवाल टाकला आणि खाली चार ओळी लिहिल्या. चार-पाच अंगठे आले, बाकी शांतता. मग संध्याकाळी तो व्हिडिओ टाकला. आधी आपल्या सोलापूरच्या नळाचं पाणी, मग गावच्या बोअरचं, तोच फ्लास्क, तीच ब्युरेट. लाल रंग जात नाही, जात नाही, जात नाही. मस्कतवाल्याचा तासाभरात फोन आला. "ताई, हे आपल्या देवळामागच्या बोअरचं पाणी? माझी आई हेच पिते." ज्याला ढोबळपणाने "पाणी खराब आहे" म्हणतो ते डोळ्यांनी दिसलं पाहिजे, हे मला तेव्हा उमगलं.

२०१६ च्या उन्हाळ्याची आठवण इथे येतेच. मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे जात होती, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शीवरून, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातून. तेव्हा मदतीसाठी शब्द टाकला की लोक खिशात हात घालायचे, कारण वाघिणी दिसत होत्या, टँकरच्या रांगा दिसत होत्या. रोजच्या घागरीतलं नायट्रेट कुणाला दिसत नाही आणि त्याची बातमीही होत नाही.

पैसे द्यायची तयारी दिसली तशी ग्रुपवर सूचना सुरू झाल्या, आणि जवळपास सगळ्या एकाच दिशेच्या: नवीन प्लँट बसवू. मोठा बसवू. आपल्या सगळ्यांच्या नावाची पाटी लावू. दिवाळीत उद्घाटन करू. शेड, टाकी, वीजजोडणी धरून पाच लाखांचा अंदाज कुणीतरी मागवलासुद्धा. मी लिहिलं, नवीन नको, जुना दुरुस्त करू आणि पाच वर्षं चालवायचे पैसे गोळा करू. यावर बराच वाद झाला. "बंद पडलेल्या मशीनला कोण पैसे देणार?" "दुसऱ्याच्या नावाची पाटी असलेल्या शेडवर आपण खर्च का करायचा?" हे विचारणारी माणसं वाईट नव्हती, गावावर जीव असलेलीच होती. पण दुरुस्तीला फीत कापता येत नाही, आणि मेंब्रेन बदललं याचा फोटो कुणी स्टेटसला ठेवत नाही.

तो वाद मिटवला चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला असलेल्या माझ्या वर्गमित्राने. त्याने एवढंच लिहिलं: "आमच्याकडं मशीन घ्यायच्या आधी त्याची एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीचा करार, बघतात. ज्या मशीनला एएमसी नाही ती मशीन घेत नाहीत. मी शनिवारी येतो, उघडून बघतो, मग बोलू." आणि तो खरंच आला. शुक्रवारी रात्रपाळी करून, रेल्वेने, पिशवीत पाने-पकडी घेऊन.

शेड उघडलं तेव्हा मी तिथे होते. पाच-सहा बायका दारात उभ्या होत्या, एक आजी म्हणाल्या, "उघडलाव तर चालू करूनच जावा बघा." त्याने आधी वाळूच्या टाकीचा व्हॉल्व्ह फिरवून पाहिला, तो गंजला नव्हता. पंप हाताने फिरवला, फिरला. मग मेंब्रेनच्या नळकांड्याचं टोक उघडलं आणि आतलं मेंब्रेन ओढायला लागला. ते येईना. दोघांनी मिळून ओढलं. चार इंच जाडीचं, चाळीस इंच लांबीचं ते मेंब्रेन बाहेर आलं तेव्हा इतकं जड झालेलं होतं की त्याने ते माझ्या हातात देऊन पाहिलं. टोकाला खडूसारखा पांढरा थर. नखाने खरवडला तर पापुद्रे पडले. क्षाररोधक औषधाचा कॅन शेजारीच होता, तळापर्यंत कोरडा, त्यात कोळ्याचं जाळं. "बघा," तो बायकांना म्हणाला, "मशीन चांगली आहे. हिला औषध मिळालं नाही." सोबत त्याने फोटो काढले, दुरुस्तीची यादी केली: दोन मेंब्रेन, काडतुसं, कार्बन, औषध सोडणारा छोटा पंप, थोडी वायरिंग. नवीन प्लँटच्या पाव किमतीतही ते सगळं बसत होतं. ते फोटो ग्रुपवर गेले आणि नवीन प्लँटची चर्चा संपली.

मग मी आवाहन लिहिलं. बारा वेळा खोडून लिहावं असं त्यात काही नव्हतं. आपल्या सोलापूरचं तळं सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांच्या श्रमातून खोदवलं, पण असं तळं टिकायचं तर दर पिढीत कुणीतरी त्याचा गाळ काढावा लागतो, असं लिहिलं. आपल्याला तळं खोदायचं नाही, गाळ काढायचा आहे. महिना शंभर रुपये, पाच वर्षं. कुणी एकदम मोठी रक्कम देऊ नये. कुणीही महिन्याला पाचशेच्या वर देऊ नये.

ही वरची मर्यादा लोकांना पटवायला वेळ लागला. एक जण एकटाच पन्नास हजार द्यायला तयार होता. पण मी गावातल्या मंडळांचं पाहिलेलं आहे. एकाने मोठा हात लावला की बाकीचे निर्धास्त होतात, आणि त्याचं लक्ष उडालं की काम बसतं. सत्तरच्या आसपास माणसं शंभर-दोनशे देत असली तर त्यातली दहा थांबली तरी औषधाचा कॅन भरलेला राहतो. त्या मित्राने शेवटी ऐकलं, आणि त्याने दरमहा पाचशे लावलेत ते आजतागायत चालू आहेत.

पैशाच्या वाटेबद्दल ज्यांना असं काही करायचंय त्यांनी नीट ऐका. माझ्या किंवा कुणाच्याही वैयक्तिक खात्यावर एक रुपया घेतला नाही. धर्मादाय कार्यालयात नोंद असलेलं गावचं एक जुनं मंडळ होतं, त्याच्या नावाने वेगळं खातं काढलं, दोघांच्या सह्यांशिवाय पैसे निघत नाहीत. बहुतेकांनी यूपीआय ऑटोपे लावलं, त्यामुळे दर महिन्याला हात पसरायची वेळ येत नाही. मंडळाकडे ऐंशी-जीची मान्यता नाही, म्हणून करात सूट मिळणार नाही हे पहिल्याच दिवशी लिहून टाकलं. मस्कतचा मित्र भारतीय नागरिक आहे, त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगीत मोडत नाहीत, ते घेतले. अमेरिकेतल्या मैत्रिणीने तिकडचं नागरिकत्व घेतलंय. तिचे पैसे एफसीआरएची (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी नसलेल्या मंडळाला घेता येत नाहीत. तिला वाईट वाटलं. मग तिने सगळ्या हिशोबाचा तक्ता बनवून दिला आणि दर महिन्याला तीच तो भरते, माझ्या दृष्टीने ती सगळ्यांत मोठी वर्गणीदार आहे.

ग्रामसभेत ठराव झाला. शेडची जागा ग्रामपंचायतीची, थकलेलं वीजबिल ग्रामपंचायतीने भरलं, पुढचं आमच्या खात्यातून. प्लँट चालवायला बचत गटातल्या एक ताई तयार झाल्या. २० लिटरच्या जारला पाच रुपये. शाळा आणि अंगणवाडीला फुकट. आणि ज्या घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ आहे त्या घरी रोज एक जार फुकट, मग ती सून असो की माहेरी आलेली लेक. या नियमावर मी अडून बसले होते. आशाताई घरोघर सांगतात की बाळाला अंगावरच्या दुधाशिवाय काही देऊ नका, पण गुटी उगाळायला, पावडर कालवायला पाणी लागतंच, आणि ते कुठलं हे आता घरातल्या म्हाताऱ्यासुद्धा विचारतात.

ताई सकाळी सहाला येतात. आधी वाळूच्या टाकीचं पाणी उलटं सोडून ती धुतात, गढूळ पाणी निवळेपर्यंत. औषधाच्या कॅनवर पेनाने रेघा मारल्यात, कालच्यापेक्षा औषध रेघेखाली गेलं नसेल तर पंप बंद पडलाय असं समजायचं, हे चाकणवाल्याने शिकवलं. मग टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचं मीटर बुडवून आकडा भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहितात: बोअरचं तेराशेच्या वर, फिल्टरचं शंभरच्या आसपास. ताई चौथी शिकलेल्या. सुरुवातीला मीटर हातात धरायला घाबरत होत्या. आता फिल्टरचा आकडा दीडशेच्या पुढे गेला की मला फोन येतो, "मॅडम, चढलंय बघा, पोरास्नी द्यायचं का न्हाई?" एकदा त्यांनी कुणाला न विचारता पाणी देणं थांबवलं होतं, एका पुढाऱ्याच्या घरचे भांडायला आले तरी दिलं नाही. सांध्यातली रबराची रिंग गेली होती. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला त्यांचा.

आरओमधून बाहेर पडणारं खारं पाणी हा सगळ्यांना पडणारा प्रश्न आहे, आणि पडलाच पाहिजे. आत घेतलेल्या पाण्यातलं बरंचसं असं बाहेर जातं आणि त्यात क्षार, नायट्रेट दोन्ही एकवटलेलं असतं. ते शोषखड्ड्यात सोडलं तर परत आपल्याच बोअरमध्ये. आम्ही ते वेगळ्या सिमेंटच्या टाकीत घेतो, शाळेच्या संडासाला, धुण्या-फरशीला वापरतो, आणि टाकीवर लाल रंगात लिहिलंय की पिऊ नये, जनावरांनाही पाजू नये. याच कारणाने मी कुणाला आरओ हा कायमचा उपाय म्हणून सांगत नाही. प्रत्येक गावाने आपापल्या बोअरचं पाणी असं गाळत बसणं बरोबर नाही.

"हे सरकारचं काम आहे, आपण का करायचं?" असं ग्रुपवर एकाने विचारलं होतं. काम सरकारचंच आहे. जलजीवन मिशन २०१९ ला जाहीर झालं, माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात नळाने, हे त्यातलं वचन. आमच्या गावातही नळ आले, पण नळाच्या मागे तोच बोअर आहे, त्यामुळे आधी घागरीने आणायचो ते पाणी आता तोटीतून येतं. नदीवरून योजना व्हावी यासाठी ग्रामपंचायतीचा पाठपुरावा चालू आहे आणि प्रत्येक अर्जाला आम्ही प्रयोगशाळेचे अहवाल जोडतो, तारखेसकट. मागच्या अर्जाच्या वेळी अधिकाऱ्यांनी पहिल्यांदा जोडलेला अहवाल उघडून पाहिला. योजना होईपर्यंत जन्मणाऱ्या बाळांनी काय प्यायचं, त्यासाठी शंभर रुपये आहेत.

पुण्यातल्या आमच्या पोरांना मी आणखी एक गोष्ट सांगते. तुम्ही हडपसरला, पिंपरीला जे सांडपाणी सोडता ते मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. तेच पुढे आमच्या सोलापूरच्या नळाला. यात तुमचा एकट्याचा दोष नाही, पण पाणी वरून खाली येतं तसे थोडे पैसेही येऊ देत. यावर कुणी वाद घातला नाही.

मुळावरचं काम मात्र पैशाने झालं नाही, बोलून झालं. देवळामागच्या बोअरजवळचे उकिरडे हलवायला गावात महिनोन्‌महिने गेले. एका चुलत काकांनी तर "आजोबापासून हितंच हाय" म्हणून साफ नकार दिला होता. त्यांच्याच नातीला अंगणवाडीतल्या ताईंनी अहवाल वाचून दाखवायला घरी पाठवलं, तेव्हा काका हलले. बोअरच्या वरच्या अंगाला दोन शोषखड्डे अजून आहेत. ते हलवायचा खर्च वर्गणीतून करावा की घरमालकाने, यावर सध्या ग्रुपवर चर्चा चालू आहे. माझं मत, अर्धा-अर्धा.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ग्रुपवर तीन फोटो जातात: ताईंच्या वहीचं पान, वीजबिल आणि फळा. कुणी मागितले म्हणून नाही, ठरलंय म्हणून. काही वर्गणीदार मध्ये थांबले. कुणाची नोकरी गेली, कुणाच्या घरी आजारपण निघालं. त्यांना कुणी टोकत नाही, हिशोबाचे फोटो मात्र त्यांनाही जातात, आणि त्यातले काही जण पुन्हा आले. मेंब्रेन बदलायची वेळ पुढच्या उन्हाळ्याच्या आसपास येईल. त्याचे पैसे आजच खात्यात बाजूला पडलेले आहेत, हे लिहिताना मला जो आनंद होतोय तो प्लँट चालू झाला त्या दिवशीही झाला नव्हता.

ज्यांना आपल्या गावात सुरुवात करायची आहे त्यांनी वर्गणीच्या आधी पाणी तपासून घ्या. स्वच्छ प्लास्टिकची बाटली घ्या, बोअर थोडा वेळ चालू राहू द्या, बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा, काठोकाठ भरा, वर गावाचं नाव, बोअरची जागा आणि तारीख लिहा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. जंतूंची तपासणी करायची असेल तर बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक केलेली मागून घ्या. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, कारण नायट्रेट पावसाबरोबर बदलतं. गावात बंद पडलेला फिल्टर असेल तर त्याच्या शेडची किल्ली कुणाकडे आहे ते विचारून ठेवा.

आमचा पावसाळ्यानंतरचा नमुना दिवाळी झाली की देणार आहे. उकिरडे हलवल्यानंतरचा तो पहिला. अहवाल आला की इथेच टाकते.